हमाली कोणती, रियाज कोणता

गाण्याच्या क्लासला निघालेल्या मुलांच्या खांद्यावर आता तंबोरा दिसत नाही. तो मोबाइलमध्ये असतो. पट्टी निवडली, बोट टेकवलं की षड्ज-पंचम सुरू. बंगळूरच्या राडेल कंपनीने १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा आणला. त्या डब्याने एकट्याने रियाज करणं सोपं केलं आणि गर्दीतून भोपळा सांभाळत नेण्याची धास्ती संपवली. ही फसवणूक आहे असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तरीही मी जिथे गाणं शिकते, तिथल्या बाई नव्या विद्यार्थ्याला पहिलं वर्षभर डबा लावू देत नाहीत. मिरजेहून आणलेला जुना तंबोरा घ्यायचा, खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे करून जवारी उघडायची. यात सुरुवातीला अर्धा अर्धा तास जातो आणि मुलं कंटाळतात. पण तेवढ्या वेळात कान तयार होतो. तार किंचित उतरली आहे हे कळणं आणि आपला सूर किंचित उतरला आहे हे कळणं, ही एकाच कानाची कामं आहेत. दुसऱ्या वर्षी त्याच बाई स्वतःहून डबा लावून देतात.

सर्जनशील कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय करायचं, यावर गेली काही वर्षं जे लिहिलं-बोललं जातंय ते वाचताना मला हा अर्धा तास सारखा आठवतो. कुठल्याही कलेत दोन जातींचे कष्ट असतात. काही नुसते दमवतात, त्यांना हमाली म्हणू. काही करता करता माणूस घडतो, तो रियाज. यंत्राने हमाली उचलली तर तक्रार कसली? अडचण अशी आहे की एकच काम नवशिक्यासाठी रियाज असतं आणि मुरलेल्यासाठी हमाली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसत नाही. त्यामुळे ‘किती टक्के माणूस, किती टक्के यंत्र’ हा हिशेब मला निरुपयोगी वाटतो. कोण, कामाच्या कुठल्या टप्प्यावर आणि काय सोडून देतोय, हे बघायला हवं.

साधनांचं भय नवं नाही, आणि प्रत्येक वेळी ते निराधार होतं असंही नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप पोकळ नव्हता. पेटीचे सूर ठरलेले असतात. दोन सुरांमधली मींड तिच्यात नाही, श्रुतींची सूक्ष्म अंतरंही नाहीत. पण मराठी संगीत नाटक तर पेटीवर आणि ऑर्गनवरच वाढलं, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी याच वाद्यातून गायकी अंग काढून दाखवलं. पेटीमुळे गाणं बुडालं नाही. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत. पेटी न्यायला सोपी, दर मैफलीआधी सुरात लावावी लागत नाही. तिसाहून अधिक तरफांच्या तारा जुळवत बसणारा सारंगिया तिच्यापुढे मागे पडत गेला. गाणं राहिलं, पण गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारं वाद्य साथीतून जवळपास हद्दपार झालं. नव्या साधनाबद्दल बोलताना ‘कला काही मेली नाही’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना मी सारंगीबद्दल विचारते.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच अंगणातलं आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. एकेक चित्र हाताने रंगवण्याचा काळ मागे पडून लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. त्या छापखान्यासाठी काम केलेल्यांमध्ये धुंडिराज गोविंद फाळके होते. जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण केलेले, छपाई कोळून प्यायलेले, जादूचे प्रयोगही करणारे. अशा माणसाच्या हातून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घडला. चलच्चित्राचं यंत्र त्या काळी अनेकांनी पाहिलं होतं. फाळक्यांपाशी त्या यंत्राला द्यायला हातात मुरलेल्या पाच-सहा विद्या होत्या.

अक्षरांच्या जगात हा खेळ मला सर्वांत जवळून पाहायला मिळाला, कारण माझं आयुष्य छापील पानांत गेलं. र. कृ. जोशी ब्रश आणि बोरूने वाढलेले सुलेखनकार. विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी केला. कमल शेडगे यांनी शेकडो मराठी नाटकांची नावं हाताने रेखाटली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाचं नाव दिसलं की प्रकृतीसुद्धा कळायची, विनोदी आहे की गंभीर. आज ‘एक टाइप’च्या तरुण मंडळींनी ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे टंक संगणकावरच केले, आणि त्यांतल्या काना-मात्रांच्या जागा पाहिल्या की हाताची सवय असलेले डोळे लगेच ओळखू येतात. त्याच वीस-पंचवीस वर्षांत फ्लेक्सने गावोगावचे पेंटर संपवले. दोऱ्याला खडू लावून सूत मारणारा, दुकानाची पाटी रंगवताना ‘क्ष’ची गाठ कुठे सैल सोडायची हे ठाऊक असलेला तो पेंटर गेला, आणि त्याच्या जागी ताणून लांब केलेली, आडवी फुगवलेली अक्षरं आली. संगणक दोन्हीकडे एकच होता. एका जागी तो शिकलेल्या हातात पडला आणि दुसऱ्या जागी त्याने शिकण्याची गरजच काढून टाकली.

आताच्या साधनांत मात्र एक गोष्ट खरोखर वेगळी आहे. छापखाना, पेटी, कॅमेरा, डीटीपी ही सगळी कल्पना सुचल्यावर हाताशी घ्यायची साधनं. आधी मनात काहीतरी असायचं, मग यंत्र. २०२२ मध्ये आधी मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन आली, ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं, आणि हा क्रम उलटला. ही साधनं कल्पनेच्या आधी येऊन बसतात. कोरं पान समोर आलं की माणूस अस्वस्थ होतो, उठतो, चहा करतो, परत बसतो, आणि त्या अस्वस्थतेतच पहिलं स्वतःचं वाक्य येतं. तेवढा अवधीच आता उरत नाही. विचारलं की दहा सेकंदांत पाच सुरुवाती समोर, सगळ्या बऱ्यापैकी. त्यांतली एक निवडणारा माणूस आळशी असतो असं नाही. पण सहावी सुरुवात, जी फक्त त्याच्याकडेच होती, ती त्याला पुन्हा सुचण्याची शक्यता फार कमी होते.

हा माझा नुसता समज नाही. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये एक प्रयोग मांडला. सुमारे ३०० जणांकडून छोट्या गोष्टी लिहून घेतल्या. काहींना यंत्राची मदत नाही, काहींना यंत्राने सुचवलेली एक कल्पना, काहींना पाचपर्यंत. ६०० वाचकांनी गोष्टी तपासल्या. मदत घेतलेल्या गोष्टी जास्त चांगल्या ठरल्या, आणि मुळात ज्यांची कल्पकता बेताची होती त्यांना सर्वाधिक फायदा झाला. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या होत गेल्या. एकेकट्या लेखकाचा लाभ, सगळ्यांचा मिळून तोटा. दिवाळी अंकाचं काम करणाऱ्या माणसाला हे वाचून घाम फुटावा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या प्रकाराचा जीव विविधतेत आहे. एका अंकात पंधरा कथा असतील तर पंधरा आवाज हवेत.

दुसरा अभ्यास एमआयटीच्या मीडिया लॅबचा, जून २०२५ मधला. ५४ जण, तीन गट: एक चॅटजीपीटी वापरून निबंध लिहिणारा, एक गूगलवर शोधून, एक निव्वळ स्वतःच्या डोक्याने. मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. यंत्र वापरणाऱ्या गटात मेंदूची जोडणी सर्वांत क्षीण दिसली, आणि त्यांतल्या बहुतेकांना नुकत्याच लिहिलेल्या आपल्याच निबंधातलं एक वाक्य नेमकं सांगता आलं नाही. माध्यमांनी यावर ‘मेंदू सडतो’ छापाचे मथळे दिले, ते चुकीचे होते. नमुना लहान होता, निबंध परीक्षेच्या धर्तीचे होते आणि प्रसिद्धीच्या वेळी त्याची तज्ज्ञांकडून तपासणीही झालेली नव्हती. तरी त्यातला एक तुकडा मला मोलाचा वाटतो. शेवटच्या फेरीत १८ जणांचे गट बदलले. आधी स्वतः लिहून मग यंत्र हाती घेतलेल्यांचा मेंदू चांगला कामाला लागलेला होता. आधी यंत्रावर लिहून मग स्वतः लिहायला बसलेले मागे पडले. म्हणजे साधन तेच, क्रम वेगळा. अठरा जणांवरून सिद्धांत करता येत नाही, पण बाईंच्या क्लासमधल्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचा हिशेब यापेक्षा वेगळा नाही.

कौशल्य उतरतं का, याचा एक ठळक दाखला कलेबाहेरून आला. पोलंडमधल्या एंडोस्कोपी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना मोठ्या आतड्यातल्या गाठी दाखवून देणारं यंत्र मिळालं. ते नियमित वापरात आल्यावर, यंत्र बंद असताना केलेल्या तपासण्यांमध्ये गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या गटातल्या एका पत्रिकेत हे प्रसिद्ध झालं. ही मंडळी नवशिकी नव्हती. तेव्हा मुरलेल्यासाठी ते काम नुसती हमाली, हे माझं विधानही मला थोडं सैल करून घ्यावं लागतं. मुरलेल्याचीही बैठक मोडते, जर तो मधून मधून डबा बंद करून गात नसेल तर.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या सगळ्यावर आणखी एक थर आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय आणि अमेरिकन अशा ११८ जणांना इंग्रजीत लिहायला बसवलं आणि यंत्राच्या सूचना दिल्या. आवडता पदार्थ लिहायला घेतला की सूचना पिझ्झाची, सण लिहायला घेतला की नाताळची. सूचना घेणाऱ्या भारतीयांची शैली अमेरिकन वळणावर गेली. हे इंग्रजीतलं. मराठीत पुढची पायरी आहे, कारण महाजालावर मराठी मजकूरच तोकडा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पण शंभर-सव्वाशे वर्षांची मासिकं, दिवाळी अंक, बोलींतलं वाङ्मय बव्हंशी कपाटांत आहे. यंत्राला मिळालेली मराठी मुख्यत्वे बातम्यांची, सरकारी निवेदनांची आणि इंग्रजीवरून उतरवलेली. त्यामुळे ते लिहितं तेव्हा प्रत्येक गोष्ट कशात ना कशात ‘महत्त्वाची भूमिका बजावते’, प्रत्येक आजी ‘प्रेमळपणे हसते’ आणि प्रत्येक खेडं हिरवंगार असतं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी मागितली तर प्रमाण मराठीवर चार शब्द शिंपडून मिळतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कथा वाचायला आली. कोकणातलं घर, पावसाळा, एकटी आजी. वाक्यं स्वच्छ, शुद्धलेखन निर्दोष. तिसऱ्या पानावर आजी वाड्याच्या ओसरीवर बसून ज्वारीची भाकरी थापते. मी थांबले. रत्नागिरीकडच्या त्या घराला पडवी हवी, खळं हवं, आणि भाकरी तांदळाची. लेखकाला फोन केला. तो त्याच भागातला, कोकणातच वाढलेला. त्याने काही लपवलं नाही. कथाबीज त्याचं, आराखडा त्याचा, मधले प्रसंग यंत्राकडून भरून घेतलेले, मग दोनदा वाचून हात फिरवलेला. “भाकरी तांदळाची असते हे मला माहीत नाही का हो ताई? पण वाचताना खटकलंच नाही.” हे वाक्य मला कुठल्याही अभ्यासापेक्षा जास्त सांगून गेलं. त्याचं ज्ञान शाबूत होतं. पण आपण लिहीत असताना प्रत्येक शब्द आतून वर येतो, त्याला वास आणि जागा चिकटलेली असते. तयार मजकूर डोळ्यांसमोरून वाहतो, आणि तो जितका गुळगुळीत तितका आपल्यातला जाणकार झोपलेला राहतो. त्याने ती कथा मागे घेतली आणि चार महिन्यांनी नव्याने लिहून पाठवली. त्यातली आजी प्रेमळ हसत नाही, सुनेचा राग सुपातल्या तांदळावर काढते. ती आम्ही छापली.

म्हणून मराठी लेखकाने यंत्राला हात लावू नये, असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः वापरते. तासाभराची मुलाखत कागदावर उतरवणं, जुन्या अंकांच्या अनुक्रमणिका लावणं, लांबलचक सरकारी अहवालात हवं ते पान शोधणं, ही माझ्यासाठी शुद्ध हमाली आहे. भाषांतरकारांपैकी काही जण पहिला खर्डा यंत्राकडून घेतात, काही जण आपला खर्डा झाल्यावर कुठे वाक्य सुटलं का ते तपासायला यंत्राकडे जातात. दोन्हींना ‘एआयचा वापर’ हेच नाव आहे, तरी दुसरा मार्ग कितीतरी सुरक्षित. पहिल्यात मूळ लेखकाचं वाक्य आणि आपण यांच्या मध्ये तिसरा येऊन बसतो, आणि मग आपण त्या तिसऱ्याच्या वाक्याशी झटत राहतो.

मोडी वाचनाचं उदाहरण घ्या. आयआयटी रुरकी आणि पुण्यातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी कागद देवनागरीत उतरवणारी प्रणाली मांडली. महाराष्ट्रात मोडी कागदांचे ढीग पडून आहेत आणि ते वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून दप्तरं मिळवून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. त्या कष्टांपुढे यंत्राची ही मदत म्हणजे वरदानच. पण यंत्राने चुकीचं लावलेलं एक अक्षर एखाद्या गावाचं नाव बदलू शकतं. ते पकडायला मोडी वाचणाराच लागणार, आणि वाचणारा तयार होतो तो शे-दोनशे कंटाळवाणे कागद स्वतः लावून. वतनाचे तंटे, बैलांचे हिशेब, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या खर्चाच्या याद्या. यंत्राच्या चुका पकडणारा माणूस नेमक्या त्या कामातून घडतो, जे काम यंत्र आता घेऊन चाललंय. भाषांतर, चित्र, संगीत, संपादन, कुठेही बघा, हीच गाठ आहे.

या गाठीसाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे, उमेदवारी. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा १९२० च्या सुमारास दाखल झाला आणि पडेल ते काम करू लागला. दामले आणि फत्तेलाल तिथेच पडदे रंगवता रंगवता, कॅमेरा हाताळता हाताळता तयार झाले. १९२९ मध्ये याच मंडळींनी प्रभात काढली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने पुढच्या वर्षी व्हेनिसपर्यंत मजल मारली. बाबूराव पेंटरांकडे तेव्हा झाडू मारणारं, सेट रंगवणारं, फिल्म धुणारं यंत्र असतं, तर त्यांचे पैसे वाचले असते. प्रभात मात्र उभी राहिली नसती.

आज उमेदवारीची नेमकी हीच कामं आधी जातायत. मासिकाच्या कोपऱ्यातलं छोटं चित्र, जाहिरातीच्या चार ओळी, उपशीर्षकांचं भाषांतर, माहितीपटाचा आवाज, ॲनिमेशनमधल्या दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं. मानधन कमी, पण चुकायला परवानगी असलेली कामं होती ती. चित्रकाराला पहिली वीस चित्रं कुणीतरी छापावी लागतात, तेव्हा एकविसावं चित्र त्याचं स्वतःचं निघतं. गेल्या वर्षी एका प्रकाशनगृहाने बालपुस्तकाची सगळी चित्रं यंत्राकडून काढून घेतली. मी मजकुराचं संपादन करत होते. मुलीच्या वेणीतली फीत पानागणिक रंग बदलत होती. ते दाखवल्यावर चित्रं पुन्हा यंत्राकडूनच करून घेतली गेली. त्या पुस्तकाच्या मानधनात एखाद्या कलाशाळेतून बाहेर पडलेल्या मुलीचे दोन महिने निघाले असते. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

कामगार म्हणून एकत्र येऊन या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट उत्तर दिलं ते अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी. २ मे २०२३ पासून १४८ दिवस त्यांचा संप चालला. करारात ठरलं की यंत्राने लिहिलेला मजकूर साहित्य म्हणून धरला जाणार नाही आणि लेखकाचं श्रेय यंत्राला जाणार नाही. लेखकाला हवं असेल तर कंपनीच्या संमतीने तो साधन वापरू शकतो, पण कंपनी त्याला ते वापरायला भाग पाडू शकत नाही. संतुलन म्हणजे काय, याची मला सापडलेली ही सर्वांत चांगली व्याख्या आहे. निवडीचा अधिकार काम करणाऱ्याच्या हातात. आपल्याकडे मालिकांचे भाग रातोरात लिहिणाऱ्यांच्या हातात असा कुठलाच कागद नाही.

कायद्याचं चित्र अजून तयार होतंय. अमेरिकेत माणूस कर्ता नसेल तर कॉपीराइट नाही, हे न्यायालयांनी पक्कं केलं आहे. २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या जत्रेत बक्षीस मिळवणाऱ्या जेसन ॲलन यांनी आपण ६०० हून अधिक वेळा सूचना बदलून चित्र काढून घेतलं असं सांगितलं, तरी त्यांना नोंदणी नाकारली गेली. भारतीय कायद्यात १९९४ पासून संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ‘ती निर्माण करवणारी व्यक्ती’ असं कलम आहे, पण ते लिहिणाऱ्यांसमोर आजची यंत्रं नव्हती. ज्यांच्या लेखनावर यंत्रं शिकली त्यांचं काय, हा प्रश्न जास्त जळजळीत. अँथ्रॉपिक कंपनीने २०२५ मध्ये चोरट्या ग्रंथसाठ्यांतून घेतलेल्या पुस्तकांबद्दल लेखकांशी १५० कोटी डॉलरची तडजोड केली, दर पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. भारत सरकारच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सक्तीचा परवाना आणि त्याबदली मानधन, असा प्रस्ताव चर्चेला ठेवला. तो मार्गी लागला तर मराठी प्रकाशकांपाशी लेखकांचे करार, वारसांचे पत्ते, आवृत्त्यांच्या नोंदी लागतील. कित्येक घरांत त्या नाहीत, आणि त्या गोळा करण्याचं काम आत्ताच हाती घ्यायला हवं.

गाण्यात हा प्रश्न आवाजापाशी येऊन ठेपतो. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ या चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा उभे केले. कुटुंबांची परवानगी घेतली, मानधन दिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल पुरवणाऱ्यांना रोखलं आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसं संरक्षण दिलं. परवानगी आणि पैसे, एवढं झालं की नैतिक प्रश्न मिटतो असं मानणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. एखादी ओळ कशी म्हणायची, कुठे श्वास घ्यायचा, हे गायकाचे निर्णय असतात. गेलेल्या माणसाच्या वतीने ते दुसरा कुणीतरी घेतो आणि सही त्याच्या गळ्याची उमटते. ‘रांझणा’चा तमिळ अवतार ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राने बदललेल्या सुखान्त शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष हे दोघेही जिवंत असून, विरोध करूनही काही करू शकले नाहीत.

प्रामाणिकपणे सांगून वापरण्याचीही उदाहरणं आहेत. जपानच्या री कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळाला. कादंबरीतला सुमारे ५ टक्के मजकूर थेट चॅटजीपीटीचा आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि गदारोळ उठला. पण कादंबरीत एक बोलणारं यंत्र आहे, आणि तो मजकूर त्या यंत्राच्या तोंडी आहे. पात्राला शोभेल अशी भाषा त्यांनी योग्य ठिकाणाहून आणली. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

कोणी हे नीट जमवलंय का, असं विचारलं तर मी बुद्धिबळाकडे बोट दाखवते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकला. आजच्या प्रत्येक बुद्धिबळपटूप्रमाणे तिची पिढी संगणकासोबत वाढली. घरी यंत्राशी वाद घालायचा, त्याने सुचवलेली चाल का चांगली हे आपल्या भाषेत समजावून घ्यायचं, आणि पटासमोर एकट्याने बसायचं. त्या खेळाने तयारीची खोली आणि सामन्याची खोली यांच्यामध्ये भिंत बांधली आहे आणि ती ओलांडणाऱ्याला शिक्षा आहे. लेखकाच्या टेबलावर अशी भिंत कुणी बांधून देणार नाही. मी माझ्यापुरती एक रेघ ओढली आहे. पहिला खर्डा हाताने, वहीत. तो पुरा होईपर्यंत यंत्र बंद. नंतर त्याला हरकती घ्यायला सांगते, वाक्यं द्यायला नाही. तारखा विचारते आणि त्या दुसरीकडे तपासते. आणि आमच्या अंकासाठी आलेल्या प्रत्येक लेखकाला आता आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: कुठलं साधन कुठल्या टप्प्यावर वापरलंत? उत्तरावरून कुणाचं लिखाण नाकारलेलं नाही. पण या प्रश्नाचं उत्तर लिहिताना दोघांनी आपापल्या कथा परत मागून घेतल्या आणि पुन्हा लिहायला बसले.

गेल्या गुरुवारी क्लासला नवी आलेली एक मुलगी, वय असेल पंधरा, पाऊण तास तंबोऱ्याशी झगडत होती. खुंटी सटकत होती, दोरा दोनदा निसटला. मोबाइल तिच्या मांडीशेजारी होता आणि तिने दोनदा त्याच्याकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. मग कधीतरी पंचम लागला, जोडी मिळाली, खरजाची तार घुमायला लागली आणि तिच्यातून, कुणी न छेडलेला, गंधार ऐकू येऊ लागला. मुलीने मान वर केली. “हा कुठून आला?” बाईंनी तिला तार पुन्हा छेडायला सांगितली.